मागच्या सीटवर बसणारा माणूस

१

विहाराच्या पायऱ्या चढता चढता तातेराव मध्येच थांबले. अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, हातात पालीचं पुस्तक. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी ते सिकंदराबादच्या या विहारात मुलांना पाली शिकवत.

"दीक्षा, पायरी कुठंय गं?" त्यांनी विचारलं.

पायरी अगदी समोर होती. गाडीला कुलूप लावून येणाऱ्या सुनेनं हे ऐकलं आणि ती धावली. तोवर तातेरावांनी पाय भलतीकडेच टाकला होता. पुस्तक एकीकडे पडलं, ते दुसरीकडे.

लोकांनी उचलून त्यांना जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. दीक्षा त्यांच्यासोबत गेली, म्हणून गाडी दुसऱ्याच कुणीतरी तिथं आणून लावली. तरुण डॉक्टरनं बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, तो उत्तम. साखर ठीक, रक्तदाब ठीक, हृदयाचा आलेखही ठीक. तरी म्हातारा माणूस डोकं धरून पडलेला, उमासे येतायत, आणि आज वार कोणता ते सांगता येत नाही.

"या आधी कधी असं झालं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

झालं होतं. गेले काही रविवार विहारात पोचलं की मामांना गरगरायचं. सासऱ्यांना दीक्षा माहेरच्या वळणानं मामाच म्हणायची. दुपारपर्यंत मोकळ्या हवेत बसले की उतार पडायचा, म्हणून सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं.

तासाभरात दिलसुखनगरहून तिचा नवरा गौतम आणि नणंद सत्यवती रिक्षानं येऊन पोचले. सत्यवतीनं बापाकडे पाहिलं, मग दीक्षाकडे, आणि मग दीक्षाच्या पिशवीतून डोकावणाऱ्या स्टीलच्या थर्मासकडे. तिनं तो झटक्यात उपसून आपल्या पोटाशी धरला.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हा आता पोलिसांकडं जाईल."

२

थर्मासात गुळाचा चहा होता. तातेरावांसाठी दर रविवारी दीक्षा तो करायची, आलं ठेचून. गाडी ती चालवायची आणि मामा मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचे, कारण त्यांचे गुडघे दुमडत नसत. वाटेत चादरघाटच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं सरकू लागली की चहा प्यायचा, असा त्यांचा शिरस्ता.

"तो चहा फक्त बाबाच पितात," सत्यवती व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि नांदेडच्या लग्नात ही काय बोलली ते मला कळलंय. 'मामा आहेत तोवर हैदराबाद सुटत नाही.' गौतमला पुण्याची बदली चालून आलीय ना! तिथून परत आले आणि बाबांना हे सुरू झालं. लग्नाच्या आधी एकदा तरी चक्कर आली होती का? सांग की गौतम!"

गौतम भिंतीकडे बघत राहिला. दीक्षाला नणंदेच्या शब्दांपेक्षा ते गप्प राहणं जास्त लागलं. त्या दोघांच्या लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि या माणसाला एक 'नाही' म्हणता येऊ नये?

तिनं मावशीला फोन केला. प्रियदर्शिनी वाठोरे सिकंदराबादलाच राहत होत्या. एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. वाकड्या पत्र्यावरून खरं-खोटं ओळखणं हा त्यांचा धंदा. स्कूटर लावून त्या आत आल्या, भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्या सत्यवतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थर्मास तुमच्याजवळच राहू द्या. फक्त मला जरा तोलून बघू द्या."

सत्यवतीनं नाखुशीनं तो हातात दिला.

"जड आहे हो. झाकण उघडू? तुमच्या डोळ्यांदेखत?"

चहा अगदी काठाला लागलेला होता. गाळलेल्या आल्याचा एक चुकार तुकडा वर तरंगत होता.

"काठोकाठ आहे," मावशी म्हणाल्या. "म्हणजे आज तातेरावांनी घोटभरसुद्धा घेतलेला नाही. न प्यायलेला चहा माणसाला कसा चढेल?"

"आज नसेल घेतला. मागच्या रविवारांचं काय? अंगात साठत गेलं असेल!"

पडद्याआडून खोल गेलेला आवाज आला. "सत्या... मी तो पीतच नाही गं."

सगळे आत गेले. तातेराव डोळे मिटूनच बोलत होते. "गुळानं मला जळजळतं. सुनेला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. विहाराच्या फाटकावर बसणारे बोवा आहेत ना, त्यांना देतो. दर रविवारी वाट बघतात. आजही द्यायचा होता."

"आणि ते बोवा ठीक आहेत?" मावशींनी विचारलं.

"मला विचारत होते, आठवड्यात रविवार दोनदा येत नाही का म्हणून."

मावशी हसल्या. मग त्यांनी झाकणात चहा ओतला आणि कुणी अडवायच्या आत गटागटा पिऊन टाकला.

३

सत्यवतीनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात घेतला. मावशी मात्र मिशी पुसावी तशी ओठांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "आलं थोडं जास्त आहे. बाकी झकास."

दीक्षाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. निम्मं तसंच होतं. चहा नाही, तर मग काय? मामा तर खरोखरच आजारी होते.

मावशी तिला बाकावर घेऊन बसल्या. "आता मी विचारते ते नीट आठवून सांग. घरी एरवी त्यांना त्रास होतो?"

"नाही. फक्त रविवारी."

"गाडीतून दुसरीकडे कुठं गेले होते?"

"मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जवळच होतं, म्हणून पुढंच बसले. वारा हवा म्हणाले, काच पूर्ण खाली केली. तेव्हा ठणठणीत होते."

"आणि रविवारी?"

"रविवारी एसी. धूळ नको म्हणून बाहेरची हवा बंद. मामांच्या बाजूच्या काचा बंद. माझी तेवढी बोटभर खाली असते, बाजूच्या गाड्यांचा अंदाज यावा म्हणून."

"तुला काही होतं?"

दीक्षा थबकली. "डोकं दुखतं. विहारात पोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. मला वाटायचं, मामांच्या काळजीनं असेल."

"इतर दिवशी दुखतं?"

"इतर दिवशी मी मेट्रोनं जाते." हे बोलता बोलताच दीक्षाच्या अंगावर काटा आला.

मावशी उठल्या आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. दारातून दीक्षाला त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. बोटाचं ते यंत्र फसतं, रक्तात भलतंच काही मिसळलं तरी ते सगळं छान आहे असंच सांगतं, रक्ताची वेगळी तपासणी करा, आणि निकाल येईस्तोवर त्यांना नळीनं प्राणवायू द्या. डॉक्टर आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग तो खुर्चीवरून ताडकन उठला आणि स्वतःच नर्सला हाक मारत बाहेर आला.

मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "गौतम, माझं घर जवळच आहे. ही घे किल्ली. बाथरूममध्ये गॅस गिझरच्या वर भिंतीला एक पांढरी डबी आहे, ती काढून आण. दीक्षा, गाडीची चावी दे. आणि एक लक्षात ठेव. मी सांगेपर्यंत त्या गाडीत कुणी बसायचं नाही."

४

गाडी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, लिंबाखाली उभी होती. रखवालदार लगबगीनं आला. "अम्मा, गाडी इधर नक्को लगाओ, ॲम्ब्युलन्स आती."

"हौ भाई, थोडा देखते और निकालते," मावशी म्हणाल्या.

दार उघडलं तसा मोगऱ्याचा दाट वास अंगावर आला. आरशाला एक कुपी लटकत होती.

"ही कुणी लावली?"

"मामांनी लावली असेल."

"तातेरावांनी? त्यांना अगरबत्ती सहन होत नाही."

मावशींनी डिक्कीला हात घातला. ती एका दमात उघडेना, मग आदळूनही नीट बसेना.

"हल्ली ती दोनदा आपटावी लागते," दीक्षा म्हणाली.

मावशींनी डिक्कीच्या कडेच्या रबरी पट्टीवरून रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला. मागच्या फळीवर तातेरावांची पांढरी शाल घडी घालून ठेवलेली होती. दीक्षानं ती उलगडली. वरची घडी राखाडी, आतली पांढरी स्वच्छ.

"दर आठवड्याला मी धुते ही," ती पुटपुटली. "मला वाटलं रस्त्यावरची धूळ."

"धूळ बंद काचांतून कशी येईल, पोरी?"

तेवढ्यात गौतम पांढरी डबी घेऊन आला. मावशींनी ती मागच्या सीटवर ठेवली, बरोबर तातेराव डोकं टेकायचे तिथं. मग गाडी सुरू केली, एसी लावला, पुढची काच बोटभर खाली केली, आणि बाहेर येऊन दार लावलं. तिघं उभे राहिले. इंजिन शांतपणे घुरघुरत होतं. लिंबावर कावळा बोलला. काहीच घडेना.

"मावशी, हे नक्की..." गौतमनं तोंड उघडलं.

आणि गाडीच्या आत डबी किंचाळायला लागली.

५

मावशींनी इंजिन बंद केलं, सगळी दारं सताड उघडली.

"गिझर नीट जळला नाही की जो वायू बाथरूममध्ये माणसं मारतो, तोच हा," मावशी म्हणाल्या. "कार्बन मोनॉक्साइड. तो हेरायलाच ही डबी असते. त्याला स्वतःचा वास नसतो. गाडीच्या धुराला असतो, पण तो मोगऱ्यानं झाकला. सायलेन्सरचं तोंड बंपरच्या बाहेर हवं, ते आत ढकललं गेलंय बघ. सगळा धूर गाडीच्या पोटाखाली कोंडतो आणि डिक्कीच्या फटीतून वर येतो. गर्दीत गाडी रेंगाळली की आणखी. तुझ्या बोटभर उघड्या काचेनं तुला वाचवलं. पण त्याच काचेनं मागचा धूर पुढं ओढला, आणि वाटेत बसले होते तातेराव."

गौतमचा चेहरा लाल झाला. "त्या अरविंदला मी सोडत नाही! असली ठोकलेली गाडी आमच्या गळ्यात मारली!" अरविंद म्हणजे ज्याच्याकडून ही जुनी गाडी घेतली तो दलाल.

"अरविंदनं काही केलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "घेताना ही गाडी कुणी तपासली होती? मी. तुम्ही सगळे रंग बघत होता, गाणी कशी वाजतात ते बघत होता. मी डिक्कीतला गालिचा उचलून बघितला, जादाचं चाक काढून त्याखालचा पत्रा बघितला. जुनी गाडी घेताना लोक बॉनेट उघडतात आणि डिक्कीत फक्त सामान किती मावेल ते बघतात. आणि मागून बसलेला मार तिथंच लपतो."

त्यांनी गालिचा वर केला. खालचा पत्रा एका बाजूला ठोकून सरळ केलेला दिसत होता. वर घाईनं फासलेला रंग, आणि पत्र्याच्या भोकांत बसवायची रबरी बुचं गायब.

"हे तेव्हा नव्हतं. तेव्हा इथं कारखान्याचा पत्रा जसाच्या तसा होता. ही गाडी तुमच्याकडे आल्यावर धडकली आहे. मागं घेताना, कशावर तरी. कुणीतरी रस्त्याकडेच्या कारागिराकडून गुपचूप नीट करून घेतली. नव्या रंगाचा वास येऊ नये म्हणून मोगरा लटकवला. आता सांगा, कुणी?"

गौतम आणि दीक्षानं एकमेकांकडे पाहिलं. क्षणभर दीक्षाच्या मनात पाल चुकचुकली. हा म्हणून तर गप्प नव्हता?

"मी नाही," गौतम म्हणाला. "शपथ."

"गौतम नाही," मावशीही म्हणाल्या. "दीक्षा, हे सगळं नांदेडहून आल्यावर सुरू झालं. परत आल्यावर पहिल्यांदा गाडीत बसलीस तेव्हा काही वेगळं वाटलं होतं? सीट, आरसा?"

दीक्षानं डोळे मिटले. तो रविवार तिला आठवला. मामा मागे बसले होते, ती पुढे बसायला गेली आणि गुडघा स्टिअरिंगला लागला होता.

"सीट पुढं सरकवलेली होती," ती सावकाश म्हणाली. "पार पुढं. आणि आरसा खाली वळवलेला."

"गौतम बसला असता तर सीट मागं गेली असती. तातेरावांचे गुडघे तर तिथं मावणारच नाहीत. म्हणजे बुटकं माणूस. नांदेडला तुम्ही रेल्वेनं गेला होता. गाडी इथंच होती. चावी कुठं होती?"

"मामांजवळ. मामांना सोडून गाडी तिथंच ठेवली होती, आणि मामा तेव्हा राहायला..."

वाक्य पुरं करायची गरजच पडली नाही. उंचीनं जेमतेम दीक्षाच्या खांद्याला लागणारी बाई वर वॉर्डात बापाच्या उशाशी बसली होती.

"मी सांगू," मावशींनी विचारलं, "की तू सांगतेस?"

६

जिना चढताना दीक्षाच्या मनात काय काय येऊन गेलं. व्हरांड्यातल्या अनोळखी माणसांनी तिच्याकडे कसं पाहिलं होतं, नर्सनं थर्मासकडे कशी नजर टाकली होती. आता तिच्या हातात असं काही होतं की सत्यवतीला जन्मभर मान वर करता आली नसती. तोच व्हरांडा, तीच माणसं. मोठ्यानं बोलायचीच काय ती खोटी.

वर डॉक्टर भेटला. "तुमच्या मावशींचं बरोबर निघालं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. पण वेळेवर कळलं. आणखी काही तास प्राणवायू द्यावा लागेल, मग घरी नेता येईल असं दिसतंय. तुम्हीही रक्त तपासून घ्या."

दीक्षानं भिंतीला हात टेकला. मामा वाचणार होते.

तिनं सत्यवतीला खुणेनं बाहेर बोलावलं आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, खिडकीपाशी नेलं. तिथं कुणी नव्हतं.

"अक्का, मामांना विष कुणी दिलेलं नाही. गाडीचा धूर आत येत होता. आता ते बरे होतील."

सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "खरं?"

"खरं. एकच विचारते. गाडी कुठं धडकली होती?"

सत्यवतीचा चेहरा पांढराफटक पडला. ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. मग तिथंच खाली बसली.

"मला शिकायची होती," ती म्हणाली. "तुम्ही गेलात, बाबा दुपारी झोपले की मी काढायची. आमच्या अपार्टमेंटच्या खालीच, खांबांच्या मधून. एकदा बाबांना बसवून मीच विहारात न्यावं असं वाटायचं. दर वेळी तूच नेतेस, मी नुसती घरात बसून. या वयात शिकतेय म्हटलं तर सगळे हसले असते. त्या दिवशी मागं घेताना पाय ब्रेकवरून घसरला. आमच्या ह्यांना, निखिलना, सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्या दुकानाशेजारी, अफझलगंजात, एक पत्र्याचं काम करणारा आहे. त्यानं संध्याकाळपर्यंत करून दिलं. म्हणाला, अक्का, ओळखू पण येणार नाही. मोगरा मीच आणला. रंगाचा वास येत होता ना." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आणि मी तुला काय काय बोलले गं. मीच माझ्या बापाला..."

दीक्षाला राग होता. तो असा एका रडण्यानं विरघळणारा नव्हता. पण ज्या बाईनं विष कालवल्याचा आळ घेतला होता, ती बापाला एकदा गाडीतून न्यायचं म्हणून भर दुपारी खांबांमधून पहिला गिअर टाकत होती, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिचा आवाज आपोआप खाली आला.

"गाडी धडकते, अक्का. माझीही धडकली आहे. सांगितलं असतं तर मावशीनं त्याच दिवशी खाली वाकून पाहिलं असतं." ती तिच्याशेजारी खाली बसली. "नांदेडचं पण ऐका. 'मामा आहेत तोवर हैदराबाद सुटत नाही' असं मी बोलले होते. चुलत सासूबाई पुण्याला चला म्हणून मागं लागल्या होत्या, त्यांना. मला जायचंच नव्हतं. मामांचं नाव पुढं केलं की लोक गप्प बसतात."

सत्यवतीनं डोळे पुसले. मग ती उठली आणि व्हरांड्याच्या मधोमध आली. तिथं तेच पेशंट, त्यांचे तेच नातेवाईक, तीच नर्स.

"मगाशी मी माझ्या भावजयीला जे बोलले ते खोटं होतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक माझी होती. तिची नाही."

एका म्हाताऱ्या तेलुगू बाईला शब्द कळले नसावेत, पण तिनं "मंचिदी, मंचिदी" म्हणत, 'छान, छान' अशा अर्थानं मान डोलावली.

गौतम जिन्यावर उभा होता. दीक्षा त्याच्यापाशी गेली.

"तू गप्प का राहिलास?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "अक्काची नाही. बाबा जातील याची. डोकंच चालेना. पण तुझ्या बाजूनं एक शब्द निघायला हवा होता."

"हवा होता."

"हो."

तेवढ्यावर भागणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. पण त्यानं हात पुढं केला आणि तिनं तो धरला.

तातेरावांना सोडलं तेव्हा दुपार कलायला लागली होती. गाडी मावशींनी ओढून न्यायला लावली. डिक्कीची पट्टी, सायलेन्सर, पत्र्याची बुचं सगळं नीट झाल्यावर त्याच पुन्हा तपासणार, आणि तोवर कुणी चावीला शिवायचं नाही अशी त्यांनी तंबी दिली. सगळे मेट्रोनं निघाले. डब्यात तातेराव मुलगी आणि सून यांच्या मधे बसले. चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"गुळाचा चहा सोडून दुसरं काय आवडतं तुम्हाला, मामा?" दीक्षानं विचारलं.

"साधा. साखरेचा. कडक."

"इतके दिवस सांगायचं की!"

"तू आलं इतक्या मन लावून ठेचायचीस," ते म्हणाले, आणि सत्यवती इतक्या जोरात हसली की समोरच्या पोरांनी कानातले इअरफोन काढून पाहिलं. मग दीक्षाही हसली. डोकं दुखत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन चांगलं सोनेरी झालं होतं आणि रविवार अजून बराच शिल्लक होता.